आरशावरचा पंडित

आमचे काका बोटीवर नोकरीला होते. 1962 साली ते सुट्टीवर घरी आले, तेव्हा त्यांच्या पेटीतून साबणाच्या वड्या व बिस्किटांचा डबा यांच्यासोबत एक चपटे खोके निघाले. खोक्यात, हाती काठी घेतलेला, बोटभर उंचीचा एक यंत्रमानव होता. इंग्लंडमध्ये 'मेरिट' या नावाने खेळणी विकणाऱ्या जे. अँड एल. रँडल कंपनीचा हा 'मॅजिक रोबो' 1950 च्या दशकात तिकडील मुलांचा मोठा आवडता होता.

खेळ असा. तक्त्यावर दोन वर्तुळे. एकाभोवती प्रश्न, दुसऱ्याभोवती उत्तरे. यंत्रमानवाला पहिल्या वर्तुळातील खाचेत बसवून त्याची काठी हव्या त्या प्रश्नाकडे वळवायची. मग त्याला उचलून दुसऱ्या वर्तुळातील छोट्या आरशावर ठेवायचे. क्षणभर थरथरून तो आपोआप गिरकी घेई आणि नेमक्या उत्तरापाशी थांबे. आमची निरक्षर आजी हे पाहून क्रुसाची खूण करी.

गुपित उलगडायला आम्हां थोरल्या दोघा भावांना आठवडा लागला. यंत्रमानवाच्या बैठकीत एक लोहचुंबक होते आणि आरशाखाली दुसरे. खाचेत बैठक एकाच दिशेने बसे. वर फिरे ते केवळ धड. आरशावर ठेवताच वरचे चुंबक खालच्याच्या ओढीने ठरलेल्या दिशेस वळे, आणि धडाने प्रश्नाशी साधलेला कोन उत्तराच्या वर्तुळात जसाच्या तसा उमटे. यंत्रमानवाला काहीही ठाऊक नव्हते. शहाणपण सारे कागदाच्या मांडणीत होते.

तक्त्यावरील इंग्रजी प्रश्न आमच्या फारसे कामाचे नव्हते. म्हणून प्राथमिक शिक्षक असलेल्या आमच्या वडिलांनी पुठ्ठ्याची दोन कडी कापून त्यांवर मराठीत धर्मशिक्षणाचे प्रश्न व उत्तरे लिहिली. संस्कार किती? सात. आज्ञा किती? दहा. प्रेषित बारा, आनंदाची रहस्ये पाच, शुभवर्तमाने चार, त्रैक्यातील व्यक्ती तीन. धाकटी बहीण त्या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणार होती. धर्मगुरूंपुढे होणाऱ्या परीक्षेसाठी ती रोज संध्याकाळी या पंडितापुढे बसू लागली.

एके दिवशी, तिचे होणारे कौतुक सहन न होऊन म्हणा वा निव्वळ खोडसाळपणाने म्हणा, आम्ही उत्तरांचे कडे एक घर सरकवून ठेवले. यंत्रमानव पूर्वीच्याच ऐटीत वळू लागला. संस्कार दहा, आज्ञा बारा, प्रेषित पाच! आधी पाठ केलेली उत्तरे निराळी आहेत हे तिच्या ध्यानात आले. परंतु आपलीच आठवण चुकली असे समजून तिने नवी उत्तरे घोकली. आजी स्वयंपाकघरातून म्हणालीही, "अगं, आज्ञा दहाच की!" त्यावर बहीण म्हणाली, "आजी, हा कधी चुकत नाही." आम्ही तोंडावर हात दाबून हसत होतो.

परीक्षेच्या दिवशी, परमेश्वरामध्ये व्यक्ती किती, या प्रश्नाला तिने "सात" असे खणखणीत उत्तर दिले. सगळा वर्ग हसला. ती रडत घरी आली आणि जेवली नाही.

रात्री जपमाळ संपल्यावर वडिलांनी तक्ता पुढे ठेवला व विचारले, "चूक कोणाची?" आम्ही खाली मान घालून म्हणालो, "रोबोची." वडील रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला चूक करता येत नाही, रे. तो फक्त वळतो." त्यांनी हात उगारला असता तर आम्हांला अधिक हायसे वाटले असते.

शनिवारी आम्ही पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडून आलेले प्रायश्चित्त प्रार्थनेचे नव्हते. बहिणीची क्षमा मागून तिला आम्ही स्वतः शिकवावे, असे ते होते. यंत्रमानव कपाटात गेला. तिच्यासमोर बसल्यावर कळले की, सात संस्कारांचा आकडा आम्हांला ठाऊक होता, पण "सातच का?" या तिच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते विचारायला आम्हांला वडिलांकडे, आणि वडिलांना धर्मगुरूंकडे जावे लागले. इतरांसोबत तिनेही प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले.

आज प्रश्न विचारताक्षणी उत्तर देणारी यंत्रे आमच्या नातवंडांच्या खिशात आहेत. त्यांचा आम्हांला राग नाही. मात्र कडे कोणी फिरवले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बहीण पुढे कित्येक वर्षे धर्मग्रामात धर्मशिक्षणाचा वर्ग घेत असे. एखाद्या मुलाने झटकन बरोबर उत्तर दिले, की ती शाबासकी देण्याआधी विचारी, "तुला हे कोणी सांगितले, बाळा?" हा प्रश्न ती का विचारते, हे त्या वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्हां दोघांना होते.