नदीकडून टाकीकडे

कोल्हापुरात पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्याला पंचगंगा नदी टाळता येत नाही. माझा एम.एस्सी.चा प्रबंधही तिच्यावरच होता. नमुना घ्यायचा, तीन दिवस २७ अंशांवर ठेवायचा, बीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीला लागणारा प्राणवायू, काढायचा, आलेख मांडायचा. हे काम मला मनापासून आवडायचं. पुढे पुण्या-मुंबईत एखाद्या सल्लागार कंपनीत जायचं आणि प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल लिहायचे, हेही ठरलेलं होतं. पर्यावरण आणि आरोग्य यांचं नातं मला मान्य होतं. पण आरोग्याचा भाग डॉक्टरांनी सांभाळायचा आणि आपण पाणी, हवा, माती मोजून द्यायची, अशी वाटणी मनात पक्की होती. ग्रामपंचायतीच्या टाक्या तपासत फिरणं मी या विषयात धरतच नव्हते.

पण नेमकी त्याच कामाची कंत्राटी नोकरी मिळाली आणि ती मी वर्षभरापुरती म्हणून धरली. आता ती सोडून कंपनीत जावंसं वाटत नाही, आणि त्याचं मोठं कारण आहे कावीळ.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हेपेटायटिस ई. आमच्या वर्गात ती नदीच्या प्रदूषणाची कहाणी म्हणून शिकवली गेली, आणि ती तशी आहेच. नोकरीत आल्यावर मात्र त्या आजाराचं एक साधं गणित माझ्या मनात रुतून बसलं. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात, बहुधा पाच-सहा. म्हणजे दवाखान्यात रांग लागते तेव्हा ज्या पाण्यानं घात केला ते पाणी महिनाभरापूर्वीच पिऊन झालेलं असतं. त्या दिवशी नळाखाली बाटली धरून मी कितीही काटेकोर तपासणी केली, तरी ती वेगळ्याच पाण्याची असते. आणि ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर दर चार-पाच बायकांतली एक दगावू शकते. हे समजल्यावर माझ्या आलेखांकडे पूर्वीच्या समाधानानं पाहणं मला जमेना. त्या बाईला वाचवू शकणारं काम महिनाभर आधी, कुठल्याशा टाकीवर, कुणाच्याही लक्षात न येता होऊन जायला हवं होतं.

ते काम करतो तो जलसुरक्षक. ग्रामपंचायतीचा माणूस, बहुतेक ठिकाणी तोच पाणी सोडतो, तोच गळती काढतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची, अर्धा तास थांबायचं, मग गावच्या शेवटच्या नळावर क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करायची. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन तिथवर पोचलं. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. प्रयोगशाळेत जिवाणूंची तपासणी करायला दिवस-दोन दिवस जातात आणि तोवर गाव ते पाणी पिऊन मोकळं होतं. ओटी टेस्टचं उत्तर मिळतं तेव्हा पाणी अजून घागरीत असतं.

हे लिहायला सोपं वाटतं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात जलसुरक्षक मामा मला म्हणाले, ‘‘मॅडम, पावडर टाकली की बायका भांडाय येत्यात. पाण्याला वास मारतोय म्हणत्यात. नाय टाकली तर कोण काय बोलत नाय.’’ मी गप्प झाले. माझ्या अभ्यासक्रमात याचं उत्तर कुठेच नव्हतं. शेवटी बचत गटाच्या बैठकीत बसून, बायकांच्याच हातानं नळावर टेस्ट करून घेतली. त्यातल्या एक काकू आता पिवळा रंग दिसला नाही तर मामांना फोन करतात. अहवालाला असा वाचक मिळणं किती मोलाचं असतं, ते मला तिथे कळलं.

पावडरीचं कामही दिसतं तितकं सोपं नाही. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. उघडं पोतं पावसाळ्यात ओल्या कोपऱ्यात पडलं की त्यातलं क्लोरीन उडत जातं. नोंदवहीत मात्र रोज ‘शुद्धीकरण केले’ असतं, आणि ते खरंही असतं. म्हणून मी आधी पोतं कुठे ठेवलंय ते पाहते आणि वही नंतर मागते. पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणातही हीच नजर लागते. गटारीतून गेलेली पाइपलाइन, गळका व्हॉल्व्ह, विहिरीच्या कठड्याजवळचा उकिरडा. पाणी दिवसाआड सुटतं तिथे मधल्या वेळात रिकामी पाइप बाहेरची घाण आत ओढून घेते. टाकीत केलेलं सगळं शुद्धीकरण त्या एका फटीपाशी वाया जातं. या सर्वेक्षणावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. प्रयोगशाळेच्या अहवालात आज काय आहे तेवढंच दिसतं. पुढच्या पावसात काय होणार ते या फेरीत दिसतं.

नदीवर शिकलेलं मोजमाप मात्र मी सोडलेलं नाही. क्लोरीननं नायट्रेट जात नाही. उसाला घातलेल्या खताचा अंश विहिरीत उतरतो, लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊ शकते, आणि पाणी उकळलं तर नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. इथे ओटी टेस्ट काही सांगत नाही, इथे विद्यापीठातलं शिक्षणच हवं. म्हणून हुशार मुलांनी या नोकऱ्यांकडे पाठ फिरवू नये असं मला कळकळीनं वाटतं. पगार कमी आहे, कंत्राट दरवर्षी नवं करावं लागतं, घरचे काळजी करतात. हे मी कुणापासून लपवत नाही.

विभागातल्या माझ्या सरांशी मी यंदा एक गोष्ट बोलले आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना महिनाभर एकेका जलसुरक्षकाबरोबर द्यावं. पावडर त्यांनी कालवावी, शेवटच्या नळापर्यंत चालत जावं, वास मारतो म्हणणाऱ्या बायकांना स्वतः उत्तर द्यावं. सर म्हणाले, गावं तू शोध. सहा ग्रामपंचायतींनी होकार दिला आहे.