भिंतीची जाडी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी ओव्हनमधून डंबेल काढत होते. व्यायामाचे नव्हेत. प्लास्टिकची चाचणी घ्यायची तर त्याची वीतभर लांब, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळती अशी पट्टी तयार करतात. तिला आमच्याकडे डंबेल म्हणतात. "तुमचं ते कार्बन नॅनोट्यूबचं सोपं करून लिहा ना," संपादक म्हणाले, "आणि जमलं तर पणतीच्या काजळीशी जोडा, अंक दिवाळीचा आहे." सोपं करायचा प्रयत्न करते. काजळीचं मात्र राहू द्या. तिच्यावर आधीच इतकं पीक आलंय की त्यात माझी भर नको.

डंबेल भोसरीच्या एका लघुउद्योजकाचे होते. गृहस्थ ड्रोनसाठी नायलॉनचे हात बनवतात. आषाढात ते माझ्याकडे आले ते माझ्याच अठरा वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधाची झेरॉक्स घेऊन. तिच्यावर पिवळ्या पेनानं इतक्या रेघा होत्या की माझ्या एकाही विद्यार्थ्यानं तो निबंध एवढ्या निष्ठेनं वाचला नसेल. त्यांनी नॅनोट्यूब ठासून भरलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांचा मास्टरबॅच महागात आणला होता, नायलॉनमध्ये वजनानं दोन टक्के नळ्या पडतील असा मिसळला होता, इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर डंबेल काढून बाहेर तपासून घेतले होते. "मॅडम, तुमच्या सूत्रानं ताठपणा सहापट यायला हवा होता," ते म्हणाले. "उलट कमी आलाय."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची षट्कोनी जाळी गुंडाळून झालेली नळी. कधी एकाच भिंतीची, कधी एकात एक बसलेल्या अनेक भिंतींची. १९९१ साली जपानमध्ये एनईसीच्या प्रयोगशाळेत सुमिओ ईजिमा यांनी त्यांच्यावर निबंध लिहिला आणि जग त्यांच्या मागे लागलं. रदुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ सालीच पोकळ कार्बनतंतूंची छायाचित्रं छापली होती, पण ती रशियन भाषेत, रशियन नियतकालिकात, कोण बघतो? याहून जुनं श्रेयही लोक देतात. २००६ साली जर्मन संशोधकांनी दमास्कसच्या एका जुन्या तलवारीच्या पोलादात अशा नळ्या दिसल्याचं लिहिलं. ते पोलाद दक्षिण भारतातून जायचं, हे खरं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक जाहीर व्याख्यानानंतर एक जण उठतोच: "म्हणजे हे आपल्याकडे होतंच." अहो, घुसळताना लोणी येतं म्हणून रवीला रसायनशास्त्र येतं असं होत नाही.

दुसरा हमखास प्रश्न: "पोलादाच्या शंभरपट मजबूत असतात ना?" कुठल्या पोलादाच्या? घराच्या खिडकीच्या गजाच्या की पियानोच्या तारेच्या? दोघांच्या ताकदीत पाच-सहापट फरक आहे. आणि मजबूत म्हणजे काय? ताकद म्हणजे तुटायला किती जोर लागतो ते; ताठपणा म्हणजे ताणायला किती जोर लागतो ते. सुतळी ताकदवान असेल, ताठ नसते. काच ताठ असते आणि हातातून पडली की संपली. ताठपणा आम्ही गिगापास्कलमध्ये मोजतो. एकक सोडून द्या, तुलना बघा. कोरडं नायलॉन २.७, पोलाद २००, नॅनोट्यूब सुमारे १,०००. म्हणजे ताठपणात ती पोलादाच्या पाचपट आहे, शंभरपट नाही. ताकदीचं म्हणाल तर २००० साली रुऑफ आणि सहकाऱ्यांनी अनेक भिंतींच्या एकोणीस नळ्या एकेक करून ताणून तोडल्या. ११ ते ६३ गिगापास्कल भरली. पण हे आकडे फक्त सर्वांत बाहेरच्या भिंतीचे! बाहेरची भिंत तुटली की आतल्या नळ्या म्यानातून तलवार निघावी तशा सरकून बाहेर यायच्या. संपूर्ण नळीच्या जाडीनं भागलं असतं तर आकडे बरेच खाली आले असते.

बघा, जाडीवर आलेच मी. आता थोडं सहन करा, कारण भोसरीच्या गृहस्थांच्या सहापटीचं मूळ इथे आहे, आणि माझ्या झोपेच्या खोबऱ्याचंही.

ताठपणा काढायचा तर ओढण्याच्या जोराला छेदाच्या क्षेत्रफळानं भागावं लागतं. नळीचा छेद काढायचा तर भिंतीची जाडी हवी. आणि भिंत आहे एका अणूची. एका अणूची जाडी किती? पापडाची जाडी कशी मोजाल? एक पापड मोजवत नाही म्हणून शंभराची चवड मोजून शंभरानं भागाल. ग्रॅफाइट ही अशीच कार्बनच्या पापडांची चवड आहे. तिच्यात एका थरापासून दुसऱ्या थराचं अंतर ०.३४ नॅनोमीटर. बहुतेक लोक तीच जाडी धरतात आणि त्यांना ताठपणा सुमारे १,००० मिळतो. पण या मापात दोन पापडांमधली फटही आली की. १९९६ साली याकोबसन, ब्राबेक आणि बर्नहोल्क यांनी वेगळी वाट धरली. नळी ताणायला किती जोर लागतो आणि तिची भिंत वाकवायला किती, हे दोन्ही घेऊन त्यांनी विचारलं: ही साध्या पत्र्याची नळी असती, तर कुठल्या जाडीचा पत्रा या दोन्ही उत्तरांना पुरला असता? उत्तर आलं ०.०६६ नॅनोमीटर. कार्बनच्या दोन शेजारी अणूंमधलं अंतरच ०.१४२ आहे. म्हणजे भिंत त्याच्या निम्म्याहूनही पातळ! आणि ताठपणा? ५,५००.

मग कोण बरोबर? दोघंही. ०.३४ ला १,०६० नं गुणा, ०.०६६ ला ५,५०० नं गुणा; गुणाकार जवळजवळ एकच, ३६०. निसर्गाला ठाऊक आहे तो हा गुणाकार. जाडी ही आपली सोय आहे. वाकवताना अणूंचे बंध किंचित फिरतात, पत्र्यासारखी एक बाजू ताणली आणि दुसरी दाबली जात नाही. म्हणून वाकण्यावरून जाडी काढणं म्हणजे सावलीवरून माणसाचं वजन काढणं. मी वीस वर्षं परिषदांमधून ओरडते आहे की जाडीनं भागूच नका, मीटरला इतके न्यूटन एवढंच लिहा. २००८ साली कोलंबिया विद्यापीठात हाच कार्बनचा पापड, म्हणजे ग्रॅफीन, सुईनं दाबून मोजला तेव्हा संशोधकांनी मीटरला ३४० न्यूटन असंच लिहिलं. मी खूश झाले. लगेच पुढे त्यांनी ०.३३५ नं भागून हजाराचा आकडा दिला, आणि सगळ्या बातम्यांत तोच गेला. एका परिषदेत यावरून एका ज्येष्ठांशी माझा इतका वाद झाला की चहाच्या वेळी आम्ही दोघं दोन टेबलांना उभे होतो. ते म्हणाले, हा शब्दांचा खेळ आहे. मी म्हटलं, शब्दांचाच खेळ आहे, म्हणून तर कोणीतरी फसणार.

फसले भोसरीचे गृहस्थ. आणि फसवलं मी.

माझ्या निबंधाच्या तिसऱ्या पानावर एक तक्ता आहे: निरनिराळ्या संशोधकांनी दिलेले नॅनोट्यूबचे ताठपणे, पाच ओळी. त्यात ५,५०० आहे. त्या आकड्यामागची जाडी किती, हा रकाना तक्त्यात नाही. तेव्हा मला ते इतकं उघड वाटलं होतं की लिहिलंच नाही. वजनाचे दोन टक्के म्हणजे आकारमानानं सव्वा टक्का, कारण नळ्या नायलॉनहून जड. हे त्यांनी बिनचूक काढलं होतं. नळ्या सगळीकडे वाट्टेल तशा पसरलेल्या असल्या की एक-पंचमांशच कामी येतात, हेही बरोबर. मग ताठपण्याच्या जागी तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा घातला. स्वतःचे पैसे घालणारा माणूस दुसरं काय करेल? सव्वा टक्का त्यांनी काढला होता जाड, भरीव नळीच्या मापानं आणि ताठपणा घेतला पातळ भिंतीचा. त्यातून त्यांच्या नळ्या अनेक भिंतींच्या. दोन संसारांतली भांडी एकत्र केली की मोजदाद दुप्पट होते, इथे पाचपट झाली. हजाराचा आकडा घेतला असता तर सूत्रानं सहापट नव्हे, जेमतेम दुप्पट सांगितलं असतं.

पण दुप्पटही आलं नव्हतं. त्याचं काय?

पिठलं केलेल्या कोणालाही हे समजेल. बेसन पाण्यात एकदम टाकलं की गुठळ्या होतात. बाहेरून शिजलेल्या, आत कोरडं पीठ. नॅनोट्यूब एकमेकींना अशाच चिकटतात, आणि गुठळीच्या आतली नळी नायलॉनला भेटतच नाही. जी भेटते ती सरळ नसते, केसासारखी नागमोडी असते. नागमोडी दोरी ओढली की आधी ती सरळ होते, मग जोर घेते. फिशर, ब्रॅडशॉ आणि ब्रिन्सन यांनी २००२ सालीच दाखवलं होतं की एवढ्याशा वळणानंही नळीचा उपयोग फार घटतो. शिवाय नळीत जोर शिरतो तो बाजूंनी, चिखलात रोवलेल्या काठीला चिखल धरतो तसा; जितकी काठी आत, तितकी पकड. हे गणित कॉक्सचं, १९५२ सालचं, आणि ते मुळात कागदासाठी केलेलं आहे. कागदाच्या लगद्यातले तंतू! योगायोगानं रशियन छायाचित्रांचंही तेच वर्ष. आम्ही तेच गणित नॅनोट्यूबला लावतो आणि त्याला नॅनोतंत्रज्ञान म्हणतो. दहा नॅनोमीटर जाडीच्या दणकट नळीची पूर्ण ताकद वापरायची तर ती निदान पाचेक मायक्रॉन लांब हवी, असा हिशेब येतो. बाजारात मिळतात त्या बहुधा एक-दोन मायक्रॉनच्या, आणि मिसळणाऱ्या मशीनच्या स्क्रूमधून जाताना आणखी तुटतात. नीट मिसळावं तर तुटतात, जपून मिसळावं तर गुठळ्या. या धंद्यातली ही खरी रड आहे, आणि तिच्यावर निबंध फारसे छापून येत नाहीत.

हे सगळं धरूनही ताठपणा कमी यायचं कारण नव्हतं. खरं कारण मला तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुचलं. बाहेर धो धो पाऊस होता. मी ओल्या केसांनी त्यांना फोन केला: "साध्या नायलॉनचे डंबेल कधी तपासले?" मे महिन्यात, मोल्डमधून काढल्या काढल्या. "आणि नळ्यांचे?" जुलैत, आठ दिवस शेडमध्ये उघडे पडले होते. नायलॉन हवेतलं पाणी पितं, आणि पाणी प्यायलं की त्याचा ताठपणा निम्म्यावरही येऊ शकतो. पुण्याच्या पावसानं जेवढं खाल्लं तेवढं माझ्या कुठल्याच नॅनोट्यूबनं दिलं नव्हतं. दोन्ही प्रकारचे डंबेल मागवून घेतले, ऐंशी अंशांवर सुकवले. साधे २.७, नळ्यांचे ३.१.

माझ्या जुन्या निबंधातली वक्ररेषा मात्र प्रयोगाच्या बिंदूंमधून अगदी सुरेख जात होती. कशी? तिच्यात दोन खुंट्या होत्या. एक, नळी आणि प्लास्टिक यांच्यामधल्या थराची जाडी. दुसरी, नळ्यांचं 'परिणामकारक' लांबी-रुंदीचं गुणोत्तर. दोन्ही कोणी मोजलेली नव्हती. खुंट्या पिळत गेले, तंबोरा लागला. प्रयोगाचे बिंदू होते तीन. तीन बिंदूंसाठी दोन खुंट्या म्हणजे काय, हे मी आज विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत विचारीन आणि त्याला घाम फोडीन. तेव्हा मला कोणी विचारलं नाही. हल्ली अणू-अणूंचं गणित संगणकावर करतात, तिथे तरी खुंट्या नाहीत असं म्हणाल. पण तिथे सेकंदाच्या अब्जांशाच्या एखाद्या तुकड्यात पट्टी ताणावी लागते. भोसरीच्या मशीनवर तिला मिनिट लागतं. प्लास्टिकला घाई समजते. घाईत ते ताठ होतं. मी हे दोन्ही प्रकार आयुष्यभर केले, विद्यार्थ्यांकडून करवले, आणि ते करण्यात मला आनंद होता हे नाकारत नाही. सकाळी येऊन रात्रभर चाललेला हिशेब उघडून बघण्यासारखं सुख कमी आहे.

गृहस्थ श्रावणात पुन्हा आले.

"मग मी किती धरू?"

"एक पूर्णांक पंधरा शतांश पट."

"हे कुठल्या सूत्रानं?"

"तुमच्या डंबेलवरून."

त्यांनी मान हलवली. मी घाईघाईनं सांगितलं की तुमचा काळा नायलॉन आता थोडी वीज वाहतो, त्यावर स्थिर वीज साठणार नाही. मोटारींच्या इंधनाच्या नळ्यांत याच कामासाठी नॅनोट्यूब घालतात, आणि ते काम त्या खरोखर चोख करतात. "ड्रोनला त्याचा काय उपयोग?" ते म्हणाले. मला लगेच सांगता आलं नाही.

जाताना झेरॉक्स माझ्या टेबलावरच राहिली. परवा मी तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात पेनानं एक रकाना आखला: जाडी. ५,५०० समोर ०.०६६ लिहिलं. तीन ओळींसमोर ०.३४. पाचवी ओळ माझी स्वतःची, माझ्याच प्रोग्रामनं काढलेला आकडा, १,२००. त्या वर्षीच्या वह्या माळ्यावरून काढून दोन दिवस चाळल्या. कुठली जाडी धरली होती ते कुठेच लिहिलेलं नाही.