आजोळ मिटलं, तरी सुट्टी असतेच

एप्रिल सरता सरता परीक्षा संपतात, निकाल लागतात आणि घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. मुलांना मे महिना म्हणजे आनंद, आपल्याला मात्र दीड महिन्याचा हिशेब. सकाळी दूध पिऊन झालं की 'आई, आता काय करू?' सुरू होतं, ते रात्री दिवा मालवेपर्यंत. पूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर असायचं, आजोळ. मुलांना एस. टी. त बसवून दिलं, की आंबे, विहीर, मामाची थट्टा आणि आजीच्या गोष्टी. जून उजाडेपर्यंत आपण मोकळ्या.

पण मैत्रिणींनो, आज ते आजोळ किती मुलांना उरलंय? माझी आई जाऊन तीन वर्षं झाली. भावानं गावचं घर विकलं. त्याचाही इलाज नव्हता. उरली ती सुट्टीतली शिबिरं. त्यांची पत्रकं दारात येऊन पडतात, पण दोन मुलांची फी म्हणजे आमचं महिन्याचं वाणसामान! त्यातून यंदा आमच्या 'ह्यां'चा ओव्हरटाइम बंद झालेला. तेव्हा तो विषय घरात निघालाच नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वहिनी राहतात. लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात कामाला जातात. सुट्टी लागली की त्यांची दोन्ही मुलं दिवसभर घरात एकटी, दाराला बाहेरून कुलूप. वहिनी दर तासाला दुकानातून फोन करणार, 'गॅसला हात लावला नाही ना?' ते ऐकलं की जिवाचं पाणी होई. शेवटी आम्ही चौघी जिन्यात बसलो आणि ठरवलं, की चार घरांची सात मुलं सर्वांनी मिळून सांभाळायची.

व्यवस्था साधी आहे. आठवड्यातून दोन दिवस दोघींनी मुलांना बाहेर न्यायचं आणि मागे राहिलेल्या दोघींपैकी जी घरी असेल तिनं सर्वांची पोळी-भाजी बघायची. इतर दिवशी मुलं आळीपाळीनं एकेका घरी. नोकरीवाल्या वहिनींनी रविवार घेतला. कुणावर उपकार नाही, कुणाला ओशाळं वाटायला नको. दर मुलामागे आठवड्याला पन्नास रुपये एका डब्यात टाकायचे आणि हिशेब थोरल्या मुलीनं वहीत मांडायचा. असं ठरल्यावर प्रश्न आला, न्यायचं कुठं? आम्ही पुण्यात, सहकारनगरच्या बाजूला राहतो. इतकी वर्षं राहून आम्ही पुणं पाहिलं होतं ते भाजी आणि बँक यांच्यामधलं!

पहिली वारी पर्वतीची. उन्हाळ्यात पर्वती चढायची तर सहाच्या आत घर सोडावं. १०३ पायऱ्या आहेत. चांगल्या रुंद, दगडी. मुलांनी मोजत चढायच्या आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला की भांडायचं, म्हणजे दम लागल्याचं लक्षातच येत नाही. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ साली. याच टेकडीवर १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब गेले. त्याच वर्षी जानेवारीत पानिपतावर त्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ दोघेही पडले होते. हे मुलांना पुस्तकात वाचून ठाऊक होतं, पण तिथं उभं राहून सांगितलं तेव्हा सात जणांत एकानंही चुळबूळ केली नाही. मग कठड्यापाशी आपापलं घर शोधणं. खाली सारसबाग दिसते. तिथं एकेकाळी तळं होतं आणि गणपती तळ्यात होता, म्हणून तो 'तळ्यातला गणपती', हे सांगितल्यावर धाकट्यानं विचारलं, 'मग देव ओला व्हायचा?' खर्च विचाराल तर पायी गेलो, पायी आलो. दडपे पोहे घरचे.

दुसरी सहल शनिवारवाड्याची. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून भुयारी मेट्रो सुरू झाली आहे. मंडईनंतरचं कसबा पेठ स्थानक वाड्याच्या जवळच पडतं. मुलांना अर्धी मजा त्या सरकत्या जिन्यांचीच! वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि तिथं पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. म्हणजे सात मुलं फुकट, तिकिटं फक्त आम्हा दोघींची. दिल्ली दरवाज्यावरचे ते लांबलचक खिळे हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले. ते मोजण्यात पंधरा मिनिटं गेली.

आत गेल्यावर 'एवढंच?' म्हणून मुलांची तोंडं पडली. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. मग आम्ही खेळ काढला. जोत्यावर उभं राहून सांगायचं, स्वयंपाकघर कुठं असेल, पाणी कुठून येत असेल, आजी कुठं निजत असेल? पाण्यावरून कात्रजची गोष्ट निघाली. नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळानं पाणी शहरात आणलं आणि पेठापेठांतल्या हौदांतून ते लोकांना मिळू लागलं. घरी नळ गेला की आपण आकांत करतो, त्या मुलांना हे फार नवल वाटलं.

ऊन चढू लागलं की नदी ओलांडून जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला जावं. आठव्या शतकातलं, एका दगडात कोरलेलं हे लेणं भर शहरात आहे. समोर गोल छताचा नंदीमंडप, आत दगडाचा गारवा. इथं पैसे पडत नाहीत. मात्र डबे बाहेरच उघडावेत आणि सालं-कागद पिशवीत घालून घरी आणावेत.

आता सांगते ती जागा मला सर्वांत जवळची वाटली. बाजीराव रस्त्याजवळचं राजा केळकर संग्रहालय. इथं तिकीट आहे, पण मुलांचं मोठ्यांपेक्षा बरंच कमी. डब्यातले पैसे आम्ही याच दिवसासाठी राखले होते. वर छप्पर असल्यानं उन्हाचं भय नाही, म्हणून दुपारी तीनला गेलो. दिनकर केळकरांचा घरचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता करायचे. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तू वीस हजारांहून अधिक आहेत आणि १९७५ साली त्यांनी हा सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तलवारी बघायला म्हणून गेलेली माझी मुलं अडकित्त्यांपुढे थबकली. दिवे, भांडी, कोरीव दरवाजे, पाय घासायच्या वज्र्या. 'ही वज्री आजीकडे होती,' मी म्हटलं. 'ही अशी धरायची आणि टाच अशी घासायची.' मग मुलांनी हात धरून मला एकेका वस्तूपाशी नेलं, 'हे होतं आजीकडे? आणि हे?' जे माजघर विकलं गेलं, ते मला तिथं काचेआड तुकड्यातुकड्यानं भेटत होतं, आणि ते माझ्या मुलांना दाखवता येत होतं.

संग्रहालयाचं नाव ऐकून तळमजल्यावरच्या धाकट्यानं विचारलं, 'हा राजा कुठला?' मी सांगितलं, 'कुठलाच नाही. केळकरांचा एकुलता एक मुलगा. त्याचं नाव राजा. तो लहानपणीच गेला.' पोरगं क्षणभर गप्प राहिलं. मग म्हणालं, 'म्हणजे हे सगळं त्याचं आहे.'

आता थोडं कामाचं. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. रस्ता ओलांडताना मोठ्यानं लहानाचा हात धरायचा, जोड्या घरूनच ठरवून न्यायच्या. सुती कपडे, टोपी, प्रत्येकाला स्वतःची पाण्याची बाटली. पन्हं किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत घरूनच न्यावं, रस्त्यावरच्या बर्फाच्या वाटेला जाऊ नये. उघड्यावरची सहल असेल तर बारापर्यंत घर गाठावं. मूल गळून गेलं, चक्कर आली, उलटी झाली किंवा अंग तापून कोरडं पडलं तर लगेच सावलीत निजवून ओल्या फडक्यानं अंग पुसावं आणि डॉक्टरांकडे न्यावं. 'घरी गेल्यावर बघू' म्हणू नये.

दुपारची सोय घरातच होते. पत्ते, सागरगोटे, गच्चीवरचं वाळवण राखणं. राखणीची मजुरी म्हणून कुरडयांचा चीक आणि पापडाच्या लाट्या! मोठ्या मुलांना वाचनालयात घालावं. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचं आहे.

तुम्ही म्हणाल, पुण्याचं ठीक आहे, आमच्या गावात काय? अहो, साताऱ्याला अजिंक्यतारा आहे, कोल्हापूरला रंकाळा, वाईला कृष्णेचे घाट. एखादी जुनी बारव, एखादी गढी कुठं नसते? गावातल्या एखाद्या वृद्ध बाईला नाहीतर गुरुजींना बरोबर घ्या. गोष्टी सांगायला माणूस मिळेल आणि त्यांचीही सकाळ बरी जाईल.

चार आठवड्यांनी थोरलीनं वही दाखवली. डब्यात एकशे चाळीस रुपये शिल्लक होते. त्यांचं काय करायचं यावर सात जणांची सभा भरली आणि कलिंगड आणायचं ठरलं. तळमजल्यावरचं कुलूप या महिन्यात एकदाही बाहेरून लागलं नाही. वहिनी दुकानातून अजून फोन करतात, पण आता मुलं सांगतात, 'आई, नंतर कर, आम्ही खेळतोय.'