एक मिलिसेकंद, अडीच अंश

नारपोलीतल्या कारखान्यात साधे माग चालू असले की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. धोटा वेळेत पेटीत पोचला नाही तर माग धाडकन थांबतो. थांबला नाही तर फणी धोट्यावर आदळेल आणि ताण्याचे शेकडो धागे तुटतील. इथे कॉम्प्युटर नावालाही नाही, पण रिअल टाइम शिकायचं तर ते इथेच शिकावं.

*

रेपियर मागाचा हिशेब: मिनिटाला 400 पिक, म्हणजे 400 आडवे धागे; एका पिकला 150 मिलिसेकंद. तेवढ्यात शाफ्टचा 360 अंशांचा पूर्ण फेरा. मिलिसेकंदभर उशीर म्हणजे 2.4 अंश.

*

गेल्या पावसाळ्यात कल्याण रोडवरच्या एका कारखान्यात कापडावर मधूनच चुकीच्या रंगाची पट्टी पडू लागली. माग जुना, कंट्रोलर नंतर बसवलेला. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने सेन्सर पुसला, सुया बदलल्या. तिसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं, "साहेब, पेन ड्राइव्ह लावला की होतंय." माग चालू ठेवूनच नवं डिझाइन चढवत होते.

पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर उघडून बघितला. डेटाचा अख्खा तुकडा उतरेपर्यंत तो इंटरप्ट बंद ठेवायचा. शाफ्टच्या एन्कोडरचा इशारा तोवर ताटकळायचा. सर्वांत जास्त उशीर 12 मिलिसेकंद. जवळजवळ 29 अंश! तोवर दुसऱ्याच रंगाचा धागा आत गेलेला.

*

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला दुभाषा, असं शिकवतात. ते अपुरं आहे. इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं काम टाकून ड्रायव्हरचा कोड चालवतो आणि तेवढा वेळ शेड्युलरचं काही चालत नाही. म्हणून चांगला ड्रायव्हर तिथे फक्त नोंद घेतो, यंत्राला पोच देतो, थ्रेडला जागं करतो आणि बाहेर पडतो. बाकीचं काम थ्रेडमध्ये, शेड्युलरच्या हुकमाने. आम्ही एवढंच केलं आणि पट्टी थांबली.

*

वीसेक वर्षं वेगळा पॅच म्हणून वाढलेलं प्रीएम्प्ट-आरटी 2024 मध्ये लिनक्स 6.12 पासून मुख्य कर्नलमध्ये आलं. त्यात बहुतेक इंटरप्ट थ्रेड होऊन चालतात, प्राधान्य मुळात 50. मागाचा थ्रेड त्याच्या वर ठेवायची आठवण आपणच ठेवायची.

नुसतं प्राधान्यही पुरत नाही. 1997 मध्ये मंगळावरचं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. हवामानाच्या किरकोळ कामाने कुलूप धरलेलं, मधल्या प्राधान्याची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि वरच्या प्राधान्याचं महत्त्वाचं काम त्याच कुलपाशी खोळंबलेलं.

*

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनो, सरासरी सांगू नका. पेन ड्राइव्ह लावून, स्क्रीनवर बोट फिरवत, अख्खी रात्रपाळी मोजा आणि सर्वांत वाईट आकडा सांगा. इथे कारागिराची मजुरी मीटरवर असते. कल्याण रोडवरच्या त्या कारखान्यात पट्टी पडलेलं कापड त्याच्या हिशेबातून कापलं गेलं होतं. उशिराच्या मापांचा कागद शेठना दाखवला, तेव्हा ते पैसे त्याला परत मिळाले.