पुशर मोठा घ्यावा की लोडरला झेपेल असा?

टोरांटो-मिसिसागा भागात बर्फ हटवण्याचं काम जवळून पाहत आल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. स्नो पुशरचा आकार पार्किंग लॉट केवढा आहे यावरून ठरवू नये. तो ढकलणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे लोडरच्या, वजनावरून आणि आपल्या गावात पडणाऱ्या सर्वांत जड बर्फावरून ठरवावा. खरेदीच्या वेळी बहुतेकांची नजर रुंदीवर जाते: आठ फुटी की दहा फुटी, आणि थोडे पैसे घातले तर बारा फुटी मिळेल का? जितका रुंद पुशर तितक्या फेऱ्या कमी, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. तो अर्धाच खरा आहे.

पुशर म्हणजे मागे एक उभा पत्रा आणि दोन्ही बाजूंना कडा असलेली, पुढून आणि खालून उघडी पेटी. तिरक्या फाळाचा प्लाऊ बर्फ कडेला फेकत जातो, पुशर तो पोटाशी धरून पुढे नेतो. तेव्हा पेटी किती अंतरात भरते, हा कळीचा प्रश्न. साधारण तीन फूट उंच आणि तीन फूट खोल पेटी घेतली आणि जमिनीवर 15 सेंटीमीटर मोकळा बर्फ धरला, तर ती पाच-साडेपाच मीटरमध्ये भरते. ढकलताना बर्फ दाबला जाऊन निम्म्यावर आला असं मानलं तरी दहा-अकरा मीटर. या हिशेबात रुंदी कुठेच येत नाही, कारण पेटी जितकी रुंद तितक्याच रुंद पट्ट्यातला बर्फ ती गोळा करते. आठ फुटी आणि बारा फुटी, दोन्ही पुशर एकाच अंतरावर भरतात. पुढचा सगळा बर्फ पेटीसमोर ढिगासारखा साचतो आणि तो रेटण्याचा भार यंत्रावर येतो. रुंदीमुळे वाढतो तो हा भार. लांबवर बर्फ न्यायचा असेल तर बाजूच्या कडांची उंची आणि खोली अधिक कामाची, आणि किमतीची चौकशी करताना नेमकं तेच विचारलं जात नाही.

आता भाराचं बघू. दहा फुटी पेटीत सुमारे 2.4 घनमीटर बर्फ मावतो. ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास असतो, म्हणजे पेटीत अडीचशे किलोही नाहीत. तोच बर्फ मार्चमध्ये शून्य अंशाच्या आसपास पडला, पाणी प्यायला, की घनमीटरला तीनशे किलोपर्यंत जातो आणि पेटी सातशे किलोंवर पोचते. बर्फ घासत न्यायचा असतो, उचलायचा नसतो, म्हणून सगळ्या वजनाइतका जोर लागत नाही, हे मान्य. पण पुशरचं स्वतःचं चार-पाचशे किलो वजन जमिनीवर घासत असतं, समोरचा ढीग वाढत असतो, आणि पाणी वाहून जावं म्हणून दिलेला आवाराचा उतार कधी तरी चढावा लागतो. दुसरीकडे, दाबलेल्या बर्फावर रबरी टायरची पकड यंत्राच्या वजनाच्या जेमतेम पाव हिश्शाइतकी असते. साडेतीन टनांच्या स्किड स्टिअर जातीच्या छोट्या लोडरला म्हणजे आठ-नऊशे किलोंचा रेटा मिळतो, आणि खाली बर्फाची काच असेल तर त्याच्या निम्मासुद्धा नाही. इंजिनाची अश्वशक्ती इथे उपयोगी पडत नाही. चाकं जागच्या जागी फिरत राहतात, डिझेल जळतं आणि ढीग तिथेच राहतो.

यावर पहिला आक्षेप असतो वेळेचा. सकाळी दुकानं उघडण्याआधी आवार मोकळं हवं, मग लहान पुशरने जमेल कसं? कोरड्या बर्फात मोठा पुशर खरोखरच वेळ वाचवतो. विनिपेग किंवा एडमंटनसारख्या कडक थंडीच्या गावात एक माप मोठं घेणं मला गैर वाटत नाही. पण टोरांटोसारख्या, ग्रेट लेक्सच्या काठच्या गावांत बर्फ ओलाही पडतो. तिथे अडकलेलं यंत्र मागे घेऊन अर्धाच पट्टा पुन्हा ढकलावा लागला की वाचवलेल्या फेऱ्या खर्ची पडतात. शिवाय ओळीने लावलेल्या गाड्यांमधून, दिव्यांच्या खांबांजवळून रुंद पुशर वळवणं जिकिरीचं असतं, आणि त्याचं टोक फुटपाथच्या काठाला आदळलं तर पीळ थेट लोडरच्या भुजांवर आणि पुशर जोडणाऱ्या कपलरवर बसतो. रुंदी जितकी जास्त, तितका तो पीळ मोठा.

दुसरा आक्षेप मोठ्या वादळाचा. 1999 च्या जानेवारीत टोरांटोवर एकामागोमाग एक हिमवादळं आली आणि महापौर मेल लास्टमन यांनी लष्कराला पाचारण केलं. तसं पुन्हा घडलं तर? पण 45 सेंटीमीटर बर्फात तीच पेटी, बर्फ दबूनसुद्धा, चार मीटरच्या आत भरते. तेव्हा अरुंद पुशर आणि वादळ चालू असतानाच मारलेल्या फेऱ्या कामी येतात. नंतर अडचण उरते ती बर्फ टाकायच्या जागेची, आणि तिला ट्रक लागतात.

हिवाळी टायर, साखळ्या किंवा मागे जादा वजन लावून पकड वाढवता येते आणि ती जरूर वाढवावी. मात्र त्या वाढीवर भिस्त ठेवून पुशर मोठा घेतला, तर गाठीशी राखीव जोर काहीच उरत नाही. कॅनडात मोटेल, गोदामं, प्लाझा सांभाळणारे मराठी वाचक असतील, त्यांना माझी विनंती आहे: विक्रेत्याला आवाराचं क्षेत्रफळ सांगण्याआधी आपल्या यंत्राचं वजन सांगा, ओल्या बर्फाने भरलेला पुशरही ते यंत्र रेटेल का हे विचारा, आणि दोन मापांत मन अडकलं तर लहान माप घ्या.