बादलीवाला

पोस्ट मोठी आहे आणि विषय माझ्या नेहमीच्या टॅक्स-पेन्शनचा नाही. चहा घेऊन बसा.

आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे. गेलं वर्षभर त्यांच्या खोलीचं दार बंद आणि आत इलेक्ट्रिक गिटारची करवत चालू. भिंतीवर एका माणसाचं पोस्टर. चेहऱ्यावर कोरा पांढरा मुखवटा, डोक्यावर उलटी घातलेली चिकनची कागदी बादली. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात जे आलं, ते तुमच्याही आलं असतं. हा कुठल्या नादाला लागलाय?

या माणसाला बकेटहेड म्हणतात. कॅलिफोर्नियाचा गिटारवादक, खरं नाव ब्रायन कॅरल. 2000 ते 2004 तो गन्स अँड रोझेसमध्ये होता. (पुण्यात कॉलेजला असताना मी त्यांच्या कॅसेट ऐकल्यात, हे सांगितल्यावर घरात माझा भाव जरा वधारला.) स्टेजवर हा जवळजवळ बोलत नाही. मधेच गिटार बाजूला ठेवून यंत्रमानवासारखा नाचतो, नानचाकू फिरवतो, समोरच्या लोकांना खेळणी वाटतो. आणि मग असा काही वाजवतो, की बोटं दिसत नाहीत.

जानेवारीतली गोष्ट. इथे यूकेमध्ये 31 जानेवारी म्हणजे सेल्फ असेसमेंटची शेवटची तारीख. त्या महिन्यात माझं घर म्हणजे फक्त झोपायची जागा असते. तरी एका शनिवारी चिरंजीव आणि त्याचे दोन मित्र यांना गिटारच्या दुकानात सोडायला निघाले. मागच्या सीटवर वाद पेटलेला. बादलीवाल्याचा सगळ्यात भारी अल्बम कोणता?

एक म्हणाला, 2006 चा 'क्राइम स्लंक सीन'. का, तर त्यात 'सूथसेयर' आहे. शांत सुरू होतं आणि चढत चढत कुठल्या कुठे जातं. दुसऱ्याचं म्हणणं, एक अल्बम निवडणंच चूक, 'पाइक' बघा. ही त्याची 2011 पासूनची मालिका. साधारण अर्ध्या तासाचे छोटे अल्बम, प्रत्येकाला क्रमांक. आपल्या व्हाउचर नंबरसारखे! 300 च्या वर झालेत. एकट्या 2015 मध्ये 118. माझ्यातल्या सीएने लगेच भागाकार केला. तीन दिवसांना एक अल्बम. आमचे काही क्लायंट तीन वर्षांत एक बँक स्टेटमेंट पाठवत नाहीत.

मग लाल बटणावर चर्चा. त्याच्या पांढऱ्या गिटारवर एक बटण आहे, दाबलं की आवाज तुटतो, सोडलं की येतो. सूर चालू असताना तो ते भराभर दाबतो आणि गिटार तोतरं बोलायला लागते. "म्हणजे तो शांतता वाजवतो," माझा मुलगा म्हणाला. मी आरशातून त्याच्याकडे बघितलं. एवढं मोठं वाक्य घरात कधी ऐकलं नव्हतं.

त्याची स्वतःची निवड होती 1998 चा 'कोल्मा'. मित्र हसले, त्यात काय आहे, किती स्लो! तो म्हणाला, "त्याच्या आईला कॅन्सर होता. बरी होताना तिला ऐकता यावं, म्हणून केलाय तो. तिला कशाला फास्ट पाहिजे?"

मित्र उतरले. हा मागेच बसून राहिला. आणि विचारलं, "आई, आजीचं ऑपरेशन कधी आहे?"

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. जीसीएसईचं वर्ष, कशाला त्रास, असं आपण सगळेच म्हणतो ना? "तू मामाशी बोलायला गॅरेजमध्ये जातेस," तो म्हणाला. "पण गॅरेज माझ्या खोलीच्या खाली आहे."

ऑपरेशन 24 तारखेला होतं. मी फेब्रुवारीचं तिकीट काढलं होतं. डेडलाइन, क्लायंट, दंड, सगळं त्याला समजावलं. तो फक्त "ओके" म्हणाला.

त्या रात्री त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. 'कोल्मा' चालू होता. मुलायम गिटार, मागे हलके ड्रम, कुठेच घाई नाही. मी खाली लॅपटॉपवर कोणाचं तरी भाडं-उत्पन्न भरत होते. एकच आकडा चार वेळा टाइप केला. मग लॅपटॉप मिटला आणि माझ्या सहकारी बाईंना फोन लावला. उरलेली अकरा रिटर्न त्यांनी घेतली. एकाही क्लायंटचा दंड झाला नाही. मी नसले तर सगळं कोसळेल, हा माझाच समज होता.

22 तारखेला मी सांगलीत होते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आईच्या कानात इअरफोन घातले. नातवाने पाठवलंय म्हटल्यावर तिने फोटो मागितला. चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"काय गं, ह्याला त्या बादलीतून ऐकू येतं का?"

मी तो अल्बम कोणासाठी केला ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. "आईसाठी केलाय होय. मग परत लाव पहिल्यापासनं."

आई आता घरी आहे, केमो चालू आहे. तिला काय होतंय ते आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत असतं. दर रविवारी नातू आजीला एक 'पाइक' ऐकवतो. तिला त्यातले निम्मे आवडत नाहीत आणि ती तसं स्पष्ट सांगते. मग दोघं वाद घालतात, मराठीत!

आपण मुलांपासून लपवतो आणि मुलं दार लावून घेतात म्हणून आपणच कुरकुरतो. तुमच्याकडे बंद दारामागे काय वाजतंय? आणि तुम्ही गॅरेजमध्ये जाऊन कोणाशी बोलता? सांगा कमेंटमध्ये. मी वाचणार आहे, एप्रिलपर्यंत जरा सवड आहे.