आंबोलीतला न हलणारा साप

बेळगावहून सावंतवाडीच्या रस्त्याला लागलं की शिनोळीपाशी कन्नड पाट्या संपून मराठी सुरू होतात आणि साधारण सत्तर किलोमीटरवर आंबोली येते. आपल्याकडची मंडळी पावसाळ्यात तिथे जातात ती धबधब्यात भिजायला आणि भाजलेलं कणीस खायला. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावाची खरी ओळख मात्र रात्री, बॅटरी घेऊन चिखल तुडवताना होते.

यंदा जुलैत धारवाडच्या ताईचा मुलगा बरोबर होता. तो नोकरीला बेंगळूरला. तिथल्या खोलीवर त्याने बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर पाळलाय. (आपले देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. अशा परदेशी सापांचीही आता सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्याने ती केली आहे. ताईने तीनदा विचारून खात्री करून घेतली!) वाटभर त्याला एकच घोर. "मामा, खोलीतला मित्र सांगतोय, दोन दिवस तो पाण्याच्या भांड्यातच पडून आहे. असं कधी करत नाही तो."

रात्री नऊच्या सुमाराला वाटाड्याने बॅटरी एका झुडपावर धरली. कंबरेएवढ्या उंचीवर मलबारी चापडा, शेवाळलेल्या फांदीसारखाच दिसणारा. "चौथी रात्र," वाटाड्या म्हणाला, "हीच फांदी."

"हावु मलग्याद?" भाच्याच्या तोंडून घरातलं कन्नड निघालं.

मला तो शब्द फार आवडला. कन्नडात 'मलगु' म्हणजे आडवं होणंही आणि झोपणंही. आपण मराठीत पडणं वेगळं, झोपणं वेगळं असा भेद करतो. पण पापण्याच नसलेल्या सापापुढे तो भेद करायचा कसा? चापडा विषारी आहे आणि दबा धरून शिकार करतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खड्ड्याला उंदराच्या अंगाचा ऊबदारपणा जाणवतो, मग हिंडायचं कशाला? हलला नाही म्हणून काठीने डिवचणारे पर्यटक आंबोलीत कमी नाहीत. वाटाड्याने भाच्याला दोन हात लांबच उभं केलं आणि नुसतं बघायला लावलं. वेटोळं घट्ट होतं, डोकं त्यावर टेकलेलं, तोंड मिटलेलं, बरगड्यांपाशी श्वासाची संथ हालचाल. एवढं दिसलं की साप ठीक.

चहाच्या टपरीवर मग घरच्या अजगराचा विषय निघाला. उंदीर गिळल्यावर तो चार-सहा दिवस लपून राहील, कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होऊन कोपऱ्यात पडेल, कधी महिनोन् महिने खाणारही नाही. वजन टिकून असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण डोकं वर करून आभाळाकडे बघत राहणं, तोंड उघडं टाकून श्वास घेणं, नाकातोंडाशी फेस, उताणं केल्यावर पुन्हा सरळ न होणं, ही आजाराची लक्षणं. तिथे उद्यावर ढकलू नये. आणि पाण्यात पडून राहणं? एक तर पेटी फार तापलेली असते, नाही तर कात यायची असते, नाही तर अंगावर पिसवांएवढ्याही नसलेल्या बारीक किडी झालेल्या असतात. त्या रक्त पितात. साप त्यांना बुडवायलाच पाण्यात शिरतो.

पावसाळ्यातलं बेंगळूर गार, आणि डोळे दुधाळ नाहीत म्हणून मित्र सांगत होता. भाच्याने तिथूनच फोन लावला. "अरे, भांड्यातलं पाणी पांढऱ्या ताटलीत ओत आणि बघ."

पाण्यात मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके तरंगत होते.

सकाळी हिरण्यकेशीला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. सापांवर इलाज करणारे पशुवैद्य मिळायला बेंगळूरसारखं शहरच लागतं, तेव्हा भाचा पहिल्या गाडीने परतला. पेटीतलं सगळं बदलावं लागलं, औषध दोनदा द्यावं लागलं. परवा ताईचा फोन होता. अजगर आता भांडं सोडून आपल्या खोक्यात मुटकुळं करून असतो म्हणे, आणि तिचा मुलगा त्याच्या बरगड्या मोजत बसतो.